‘माहिती मिळवा’ऐवजी काय लिहावं? शोध, खातरजमा, पडताळा

विचारणा
सातवी-आठवीच्या मुलांना इंटरनेटवर माहिती कशी शोधायची हे शिकवण्यासाठी एक घटक लिहिते आहे. स्वाध्यायात ‘माहिती मिळवा’ म्हटलं की मुलं वर आलेलं पहिलं पान उघडतात, उतरवून काढतात आणि मोकळी होतात. त्यांचं तरी काय चुकलं? माहिती मिळवायला सांगितली होती, मिळवली. मला वेगवेगळ्या कृतींसाठी वेगळी क्रियापदं हवी आहेत. शोधयंत्रात शोधणं, सापडलेलं खरं आहे का ते बघणं आणि ज्याला इंग्रजीत ‘लॅटरल रीडिंग’ म्हणतात ते, म्हणजे पान सोडून त्याबद्दल इतरत्र काय म्हटलंय ते बघणं. शेवटच्यासाठी ‘आडवं वाचन’ चालेल?

प्रतिसाद १
‘आडवं वाचन’ नको, मुलं उशी मागतील.
मुळात ती कृती वाचनाची कमी आणि चौकशीची जास्त आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात इतिहासतज्ज्ञ, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली होती. बरेच इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी त्याच पानावर वरपासून खालपर्यंत वाचत राहिले. बोधचिन्ह, मांडणी, नाव असल्या गोष्टींवर भाळले. तथ्यतपासनीस मात्र पानावर थोडा वेळ थांबून लगेच नवे टॅब उघडत आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते बघत. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, ‘बाहेरून चौकशी करणे’. स्वाध्यायात लिहा: ‘हे पान कोणाचं आहे याची बाहेरून चौकशी करा.’ मुलांना वेगळं समजवावं लागणार नाही.

प्रतिसाद २
बाहेरून चौकशी उत्तम. खरं-खोटं बघण्यासाठी ‘खातरजमा’ घ्या, रुळलेला शब्द आहे.

प्रतिसाद ३
खातरजमेला माझा विरोध आहे. खातरजमा स्वतःची होते, मनाची. आपली खात्री पटली की ती झाली, मग ती कशानेही पटलेली असो. आणि मुलांची खात्री फार लवकर पटते.
झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं पान आठवतंय का? अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जंगलात हा प्राणी राहतो आणि नामशेष होत चालला आहे, असं सांगणारं हे थट्टेचं पान १९९८ पासून इंटरनेटवर आहे. शास्त्रीय नाव, छायाचित्रं, ‘त्याला वाचवा’ अशी हाक, सगळा जामानिमा आहे. कनेटिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ते सातवीतल्या मुलांना दाखवलं, तर जवळजवळ सगळ्यांचा विश्वास बसला. म्हणजे खातरजमा झालीच की!
माझं मत ‘पडताळा’ला. गणितात मुलं भागाकाराचं उत्तर भाजकाने गुणून ‘ताळा’ बघतातच. तोच ताळा इथे आहे. पडताळा घ्यायला दुसरं काहीतरी शेजारी ठेवावंच लागतं, एकट्या पानाचा पडताळा होत नाही. प्रश्नही तसाच घाला: ‘कशाशी पडताळून पाहिलंत?’ आता रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

प्रतिसाद १
मान्य. एक पुरवणी. पाच पानांवर तोच मजकूर शब्दशः असेल तर तो पडताळा नव्हे, एकाची पाच जणांनी केलेली नक्कल आहे. त्यातलं एखादं लांबलचक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायला लावा. नकला समोर ओळीने उभ्या राहतात.

प्रतिसाद ४
‘शोधा’बद्दल कोणीच बोललं नाही. ‘शोध लागणे’, ‘शोध घेणे’ आणि नुसतं ‘शोधणे’ यांत मुलांची गल्लत होते, म्हणून मी ‘धुंडाळा’ वापरतो. एका फटक्यात सापडेल अशी अपेक्षा त्या शब्दात नाही. देवनागरीत शोधताना तर धुंडाळावंच लागतं. लिपी एक, शब्द सारखे, त्यामुळे हिंदी पानं मध्ये घुसतात. शिवाय ‘कोविड’ आणि ‘कोव्हिड’ दोन्ही लिहून बघावं लागतं. शोधशब्दांत ‘आहे’, ‘आणि’, ‘साठी’ असा एखादा अस्सल मराठी शब्द मिसळायला शिकवा, बराच फरक पडतो.
‘संशोधन’ मात्र सातवीत नको. दहा मिनिटं गूगल केलं की ‘आम्ही संशोधन केलं’ म्हणणारी मोठी माणसं काय कमी आहेत!

विचारणा करणारी
धुंडाळा, बाहेरून चौकशी करा, पडताळा. तिन्ही घेते. वहीत ‘स्रोत: गूगल’ लिहून येतं, त्याचं काय करू?

प्रतिसाद ३
‘स्रोत’ काढून तिथे ‘हे कोणी लिहिलं?’ आणि ‘कधी लिहिलं?’ असे दोन रकाने ठेवा. शोधात सापडलेली पानं गूगलने लिहिलेली नसतात, त्याने फक्त वाट दाखवलेली असते. हल्ली ‘चॅटजीपीटी’ असंही लिहून येतं. तिथे तिसरा रकाना लागेल, ‘काय विचारलं होतं?’ शब्दशः प्रश्न लिहायला लावा. निम्म्या वेळा घोटाळा उत्तराच्या आधी प्रश्नातच सापडतो.