आईच्या पायाची जखम कापल्यावर वाढली, कोठे दाखवावे?

सेलूकर :
आईचे वय ५४. खुरपणीच्या दिवसांत तिच्या डाव्या नडगीवर पुटकुळी आली आणि ती फुटून रुपयाएवढा व्रण झाला. एका दवाखान्यात सडलेला भाग म्हणून कडा कापून काढल्या, तेव्हापासून पंधरा दिवसांत जखम तळहाताएवढी झाली आहे. कडा जांभळ्या आणि आतून पोखरलेल्या आहेत. पांघरुणाचा स्पर्शही तिला सोसवत नाही. साखर नॉर्मल आहे, अँटिबायोटिकचा गुण नाही. आता दुसऱ्या डॉक्टरांनी ‘पायोडर्मा गँगरिनोसम’ असा संशय सांगितला आहे. नावातले गँगरीन ऐकून काका पाय कापण्याच्या गोष्टी करू लागले आहेत. परभणीहून कोठे न्यावे?

अंबाजोगाईकर :
दादा, काकांना आधी सांगा की हे गँगरीन नव्हे. १९३० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हे नाव दिले तेव्हा हा जंतुसंसर्ग वाटत होता. प्रत्यक्षात शरीराच्याच पांढऱ्या पेशी त्वचेवर उलटतात, आणि म्हणूनच कापाकापी केली की जखम चिघळते. माझ्या पत्नीच्या बाबतीत हेच झाले होते. आम्ही छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात गेलो. तुम्हीही तेथेच जावे, कारण मेडिसिन विभाग त्याच आवारात आहे. निदानाची एकच अशी तपासणी नाही. कडेचा लहान तुकडा तपासून क्षयरोग, बुरशी, रक्तवाहिन्यांचे आजार वगळावे लागतात. उपचाराचे स्टेरॉइड (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) सुरू होण्यापूर्वी क्षयाची तपासणी झाली आहे ना, हे स्वतः विचारा, आणि गोळ्या मनाने बंद करू नका. धीरही लागेल : ब्रिटनमध्ये १२१ रुग्णांवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध यांची तुलना झाली, तिचा निकाल २०१५ साली आला, दोन्हींचा गुण सारखाच होता आणि सहा महिन्यांत जेमतेम निम्म्यांच्या जखमा भरल्या होत्या. आमच्याकडे आठ महिने लागले. दर रविवारी जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढत होतो. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग झाला.

नांदेडची परिचारिका :
सुमारे निम्म्या रुग्णांत मुळाशी आतड्याचा दाह, संधिवात किंवा रक्ताचा विकार सापडतो. आईंना सांधेदुखी, वारंवार जुलाब, शौचातून रक्त, असे काही आहे का? मुलाने विचारले तर त्या सांगणार नाहीत. बहिणीला विचारायला सांगा.

सेलूकर :
ताई, बहिणीने विचारले. दोन वर्षांपासून रक्त जाते आहे, आणि मूळव्याध समजून आई गुपचूप झाडपाल्याचे औषध घेत होती. सोमवारी घाटीत नेतो आहे. कागदावर हे सर्वांत वर लिहिले आहे.