मदत हवी आहे: 'वाच्लाव' या चेक नावाच्या अर्थाचं मराठी नाव

नमस्कार मंडळी,

मी चेक प्रजासत्ताकात ब्रनोला राहते, सातवा महिना चालू आहे. मुलगा झाला तर त्याला सासऱ्यांचं नाव द्यायचं ठरलंय. ते गेल्या वर्षी गेले. आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आपल्याकडेही चालत आलेलं, त्यामुळे मला ते मनापासून पटलं. नाव आहे वाच्लाव.

आईने स्पेलिंग बघून 'वाक्लाव' वाचलं. मी देवनागरीत लिहून पाठवलं आणि म्हटलं, "चिमणीतला नाही, चाकातला च." पहिल्या झटक्यात जमलं तिला! शेवटचा व मात्र इथे फ सारखा ऐकू येतो.

नावाचं जुनं रूप वेचेस्लाव. पहिला भाग 'अधिक' या अर्थाचा. दुकानात 'अजून द्या' म्हणताना मी रोज वापरते तो 'वीच' त्याच मुळाचा. दुसरा 'स्लावा', म्हणजे कीर्ती. रशियन व्याचेस्लाव हे याचंच भावंड. दहाव्या शतकातला बोहेमियाचा (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका भागाचा) ड्यूक वाच्लाव सख्ख्या भावाच्या कटात मारला गेला, पुढे संत मानला गेला. त्याचा दिवस 28 सप्टेंबर, 2000 सालापासून इथे सरकारी सुट्टी. त्या दिवशी सासऱ्यांकडे सगळे जमायचे, या नावाच्या लोकांना शुभेच्छा द्यायची पद्धतच आहे.

'स्लावा' आणि संस्कृत 'श्रवस्' एकाच धातूतून आले, आपला श्रु, ऐकणे. कीर्ती म्हणजे जे लोकांच्या कानावर जातं ते. हे कळलं तेव्हा मला भरून आलं. मग महाभारतातला भूरिश्रवा आठवला: भूरि म्हणजे पुष्कळ, श्रवस् म्हणजे कीर्ती. अर्थ जवळजवळ तोच! पण आई म्हणाली, हात तुटून, प्रायोपवेशनाला, म्हणजे मरेपर्यंतच्या उपवासाला, बसलेला असताना मारला गेलेल्याचं नाव बाळाला नको. तिचं बरोबर आहे.

श्रु धातूचंच 'सुश्रुत' मला आवडतंय. अडचण एकच: चेकमध्ये हाक मारताना नाव बदलतं, वाच्लावचं 'वाच्लावे' होतं. तसं सुश्रुतचं 'सुश्रुते' होईल, आणि ते आईच्या कानाला मुलीला हाक मारल्यासारखं वाटतंय. नाव क ने संपलं तर शेवटी ऊ येतो (लाडाचं वाशेक, हाक मारताना 'वाश्कू'), तो गोड वाटतो.

तर श्रु धातूचं किंवा कीर्तीच्या अर्थाचं, छोटं, क ने संपणारं मुलाचं नाव कुणाला सुचतंय का? संस्कृत जाणणाऱ्यांनी जरूर लिहा. बारशाला दोन्ही आज्यांना दोन्ही नावांचा अर्थ मला एकत्र सांगायचा आहे.