तातडीची मदत: उद्या पेस्ट कंट्रोल, घरात पक्षी, कोंबडी आणि कोळी

गच्चीवाला: उद्या सकाळी सोसायटीचं पेस्ट कंट्रोल. सेक्रेटरी म्हणतात, सगळ्यांकडे होणार म्हणजे होणार. सगळ्यांना बाथरूममध्ये ठेवून दार लावलं तर चालेल का? लवकर सांगा.

मुलुंडकर: फवारणी की जेल? कुठले पक्षी? राहता कुठे? काहीतरी सांगा की राव. आणि फवारणी असेल तर पेस्ट कंट्रोलवाले बाथरूममधली मोरीची जाळी पहिली गाठतात.

नियमबहाद्दर: पोपट आहे का? कंठीवाला पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

गच्चीवाला: पोपट नाही हो, लव्हबर्ड. क्रॉफर्ड मार्केटातून आणलेत. परळ, वन रूम किचन. झुरळांची फवारणी.

बजीवेडी: तिथे लव्हबर्ड म्हणून देतात ते बहुतेक वेळा बजीच (बजरीगार, छोटे रंगीत पोपट) असतात. असो. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, हवेतलं विष आपल्याआधी त्यांना भिनतं. कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी उगाच नेत नसत. पिंजरा घराबाहेरच न्या. एरवीही सांभाळा, नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला तरी बजी दगावतात.

सुरमईप्रेमी: फवारणी कशाला? जेल लावा. वास नाही, कटकट नाही. आमच्याकडे एक झुरळ दिसेल तर शपथ.

बजीवेडी: अहो, कोंबडी आहे त्यांच्याकडे! कित्येक जेलमध्ये फिप्रोनिल असतं, कोंबडीवर्गातल्या पक्ष्यांना ते फार विषारी. आणि मेलेलं झुरळ समोर दिसलं तर कोंबडी काय सोडणार आहे? फवारणीनंतरही झुरळं झाडून, फरशी पुसून मगच तिला घरात मोकळी सोडा.

सुरमईप्रेमी: आमच्या गावी कोंबड्या काहीही खातात. काही होत नाही.

आठपाय: कोळ्याचं कोणीच बोलत नाही. भिंतीवरचा की पाळलेला? झुरळांच्या औषधातून कोळीही सुटत नाही.

गच्चीवाला: पाळलेला, टॅरंटुला आहे, मोठा केसाळ कोळी. दुपारपासून उलटा पडलाय, म्हणून तर डबा हलवता येत नाही.

मुलुंडकर: हे आधी सांगायचं ना!

सुरमईप्रेमी: मेला असेल.

आठपाय: मेलेल्याचे पाय पोटाखाली आकसतात. पाठीवर पडलाय म्हणजे कात टाकतोय. हात लावू नका, फुंकर मारू नका, डब्यात किडा-झुरळ टाकलं असेल तर अलगद काढून घ्या. सकाळपर्यंत पायांवर आला तर डबा मांडीवर सपाट धरून टॅक्सीने न्या, लोकलच्या गर्दीत नको. नाही आला तर सेक्रेटरीशी भांडा, पण डबा हलवू नका. कात टाकल्यावर विषदंत मऊ असतात, आठवडाभर तरी खायला घालू नका.

नियमबहाद्दर: जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल परळलाच आहे, तिथे ठेवा.

मुलुंडकर: हॉस्पिटल आहे ते, लॉज नव्हे.

गच्चीवाला: बहीण शिवडीला असते. पक्षी आणि कोंबडी आज रात्रीच नेतो. कोळ्याचं तिला सांगितलेलं नाही, पालीलाही घाबरते. डबा कागदात गुंडाळला तर त्याला हवा मिळेल ना?

आठपाय: बाजूची भोकं उघडी ठेवा. आणि बहिणीला सांगा हो, तिने मिठाई समजून उघडला तर?

सुरमईप्रेमी: कोंबडी गावठी आहे का? अंडी देता का विकत?