इजिप्तच्या थडग्यांत फक्त बाईसाठी कोरलेला नैवेद्य असतो का?

ओवी: बऱ्याच चित्रांत थडग्याचा मालक खुर्चीत आणि बायको शेजारी, नाहीतर पायाशी इवलीशी. वाढलेलं सगळं त्याच्या नावाने. एखाद्या बाईचं स्वतःचं पान कुठे कोरलंय का?

शिळाप्रेमी: कोरलंय, तेही फार जुनं. पॅरिसच्या लूव्हरमध्ये नेफरतियाबेतची शिळा आहे. गिझाच्या पश्चिमेकडच्या दफनभूमीतली, खुफू राजाच्या काळातली, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. चुनखडीचा जेमतेम अर्धा मीटर रुंद तुकडा, पण रंग अजून टिकलेत! ती एकटी बसलीय. अंगात बिबट्याच्या कातड्याचा एकखांदी झगा, एक हात छातीशी, दुसरा मेजाकडे. मेजावर पावाचे उभे काप. आजूबाजूला धूप, डोळ्यांचं हिरवं अंजन, अंजीर, वाइन. उजवीकडे कापडाचा वेगळा तक्ता, प्रत आणि संख्येसकट. मी सगळ्यात जास्त वेळ तोच बघतो. तिला काय काय लागेल याचा किती बारीक विचार केलाय! नवरा, मुलगा कोणी नाही. नावाआधी एवढंच, ‘राजाची मुलगी’.

रानवारा: कोरून ठेवलं की खरं अन्न आणायची गरज नव्हती?

शिळाप्रेमी: आणायचे की. घरचे आणायचे, नेमलेले पुजारी आणायचे. पण पिढ्या सरल्या की कोण येणार? तेव्हा कोरलेलं पुरावं, अशी श्रद्धा. पुढे तर थडग्यांवर येणाऱ्याजाणाऱ्याला विनवणी लिहायला लागले: हातात काही नसेल तर निदान तोंडाने म्हणा, हजार पाव, हजार घडे बिअर.

ओवीताई, कैरोच्या संग्रहालयातली कावितची दगडी शवपेटीही बघाच. लक्सरजवळच्या देर अल-बहरीची, राजा मेंटुहोटेप दुसरा याच्या मंदिरातली. कावित हाथोर देवीची पुजारीण होती. दासी तिच्या केसांची बट वळवतेय, कावितच्या एका हातात आरसा, दुसऱ्या हातातली वाटी ओठांशी. पुढे उभा सेवक पेय ओततोय आणि म्हणतोय, ‘बाईसाहेब, तुमच्या का-साठी’. का म्हणजे माणसाची प्राणशक्ती, मेल्यावरही तिला खायला-प्यायला लागतं.

ओवी: त्याच पेटीवर गाय दोहतानाचं दृश्य आहे ना? वासरू तिच्याच पायाला बांधलेलं?

शिळाप्रेमी: हो, तेच. गाईच्या डोळ्याखाली नीट बघा, अश्रू कोरलाय. दूध कावितला जाणार, वासराला नाही. नैवेद्य कुणाच्या तोंडचा काढलाय हेही त्या कारागिराने दाखवलंय, असं मला तरी वाटतं. मोठा फोटो उघडा, लहान फोटोत तो थेंब दिसतच नाही.