पहिला क्रॉसबो (दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य) घ्यायचा आहे, खांदा दुखावलेला आहे. ऑनलाइन मागवू की दुकानातून घेऊ?

उजवी_नजर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य चालवत होते. उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी धनुष्य ओढायला कायमची मनाई केली. नेमबाजी मात्र सोडवत नाही. आमच्या क्लबात क्रॉसबो चालतो, 20 आणि 30 मीटरच्या लेन आहेत, म्हणून आता तोच घ्यायचं ठरवलंय. फक्त कागदी लक्ष्यावर मारायचंय, शिकारीत मला रस नाही.

दोन पर्याय समोर आहेत. एक ऑनलाइन दिसतोय: कंपाउंड (टोकांना चाकं असलेला), दोरीची ओढ 185 पौंड, सेकंदाला 400 फूट वेग, सोबत दुर्बीण, भाता आणि तीन बाण. दुसरा एका दुकानात आहे: रिकर्व्ह, 150 पौंड, वापरलेला, पण हातात घेऊन बघता येईल. दुकानदार म्हणतो, दोरी चढवायचा रोप कॉकर वापरला की काहीच जड जात नाही. माझं वजन 52 किलो.

वेगाला किती महत्त्व द्यायचं? वापरलेला घेताना काय बघायचं? आणि बाणांचं काय, जे सोबत येतात ते चालतात का?

वेगवान_बाण

सरळ कंपाउंड घ्या. वेग जास्त म्हणजे बाण सपाट जातो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी फरक पडत नाही. कंपाउंड रुंदीलाही कमी असतो, न्यायला-आणायला सोपा. ऑनलाइन मॉडेलं भरपूर मिळतात, लोकांचे अनुभव वाचता येतात. खांद्याचा प्रश्न असेल तर क्रँक, म्हणजे मूठ फिरवून दोरी चढवायचं यंत्र लावून घ्या, विषय संपला.

जुनी_प्रत्यंचा

ताई, आमच्या क्लबातल्या क्रॉसबोंची देखभाल माझ्याकडे आहे. दोऱ्या बदलणं, सैल स्क्रू आवळणं आणि नव्या माणसाच्या हातात पहिल्यांदा क्रॉसबो देणं, हे सगळं मीच करतो. त्या अनुभवावरून सांगतो: वेगाचा आकडा सध्या बाजूला ठेवा. तुमचा पहिला प्रश्न दोरी चढवण्याचा आहे.

क्रॉसबो धरताना खांद्यावर फार ताण येत नाही हे खरं. पण दर बाणाआधी दोरी मागे ओढून कुलपात अडकवावी लागते, आणि ते काम खांदे आणि पाठच करतात. रोप कॉकर ओढ निम्मी करतो. 185 पौंड म्हणजे 84 किलो, त्याचे निम्मे 42, म्हणजे दर हाताला 21 किलो. 150 पौंडाला दर हाताला 17. 95 पौंडाला जेमतेम 11. आता तासाभराच्या सरावात 30 बाण मारले तर हे 30 वेळा करायचं. दुकानदाराचं 'काहीच जड जात नाही' हे एका वेळेपुरतं खरं असेल, पण तिसाव्या वेळी काय होतं ते तुमचा खांदाच सांगेल. आणि एक हात दुखरा असला की ओढ तिरकी होते. त्याचा थेट परिणाम नेमावर होतो, त्याबद्दल खाली लिहितो.

वेगाचं गणितही मांडून बघा. सेकंदाला 300 फूट म्हणजे 91 मीटर. 20 मीटर जायला त्या बाणाला साधारण 0.22 सेकंद लागतात, तेवढ्यात तो 24 सेंटीमीटर खाली येतो. 400 फुटांचा बाण 13 सेंटीमीटर खाली येतो. फरक आहे, पण तुमचं अंतर ठरलेलं आहे. दुर्बीण 20 मीटरला एकदा नीट लावली की बाण 13 सेंटीमीटर पडतो की 40, याने काहीच बिघडत नाही. अंतर माहीत नसतं तिथे वेग कामाला येतो. लेनवर उलट त्याचा जाचच होतो: बाण फोममध्ये इतका खोल रुततो की काढताना दोन्ही हात आणि गुडघा लावावा लागतो, आणि लक्ष्य लवकर फाटतं. फोमच्या लक्ष्यांवर किती वेगापर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. क्लबाची कमाल मर्यादा काय आहे तेही आधी विचारा. आंतरराष्ट्रीय फील्ड क्रॉसबो स्पर्धांमध्ये 65, 50 आणि 35 मीटरवर नेम धरतात आणि तिथे ओढीची कमाल मर्यादाच 95 पौंड आहे. तेव्हा 20-30 मीटरसाठी हे कमी पडेल अशी शंका मनातून काढून टाका.

आता रिकर्व्ह की कंपाउंड. कंपाउंडच्या टोकांना चाकं असतात, दोरीबरोबर केबल असतात, आणि त्या बदलायला बहुतेक मॉडेलांना प्रेस, म्हणजे पाती दाबून धरायचं यंत्र लागतं. ते घरी नसतं, म्हणजे दोरी झिजली की क्रॉसबो घेऊन दुकान गाठायचं. रिकर्व्हची दोरी स्ट्रिंगर (पाती वाकवून धरणारी सहायक दोरी) लावून स्वतः बदलता येते, तुम्ही धनुष्यवाल्या असल्याने तुमच्या हाताला ते ओळखीचंच आहे. रुंदी जास्त असते, पण लेनवर त्याची अडचण होत नाही. पहिला क्रॉसबो रिकर्व्हच घ्या, असं माझं ठाम मत आहे.

क्रँकबद्दल वरचं बरोबर आहे, मूठ फिरवायला थोडं बळ पुरतं. पण वेळ लागतो. शिवाय साध्या क्रँकची मूठ मधेच सुटली तर ती गरगर उलटी फिरते आणि मनगटावर बसते. घ्यायचाच असेल तर हात सुटला तरी जागच्या जागी थांबणारा घ्या.

दुकानातला क्रॉसबो बघायला जाताना थोडा कापूस न्या. दोन्ही बाजूंची पाती, म्हणजे लिम्ब, कडेकडेने कापसाने हलकेच पुसा. फायबरग्लासचा बारीकसा कपचा जरी उचलला गेला असेल तरी कापसाचे तंतू तिथे अडकून राहतात, डोळ्यांना ते दिसत नाही. पात्याची मुळं आणि टोकं उजेडात तिरकी धरून बघा. आत पांढरट रेषा दिसली तर थर सुटायला लागलेत, असा क्रॉसबो कितीही स्वस्त असो, तिथेच ठेवा. मग बाण ज्या पट्टीवरून सरकतो त्या रेलवरून नख फिरवा. नख कुठे अडखळलं तर तो चरा दोरीच्या मधल्या गुंडाळीला, सर्व्हिंगला, दर वेळी कापत असणार. सर्व्हिंग सुटी झालेली नको, विस्कटलेली नको. आणि स्पष्ट विचारा: बाण न लावता कधी सोडलाय का? त्याने पाती आणि कुलूप दोन्हीला इजा होते, आणि ती लगेच दिसत नाही. उत्तर गुळमुळीत मिळालं तर त्याला 'हो' समजा.

नेमानेम

यात थोडी भर. ऑनलाइन मागवण्याआधी तुमच्या भागातला कायदा वाचा. कुठे वयाची अट आहे, कुठे परवाना लागतो. क्रॉसबो परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्काचा नियमही बघा, माल तिथे अडकला की तो सोडवणं किंवा पैसे परत मिळवणं दोन्ही मोठं काम असतं. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: या मॉडेलची दोरी सुटी मिळते का, पाती सुटी मिळतात का, आणि रिकामा सुटू नये म्हणून अडसर, म्हणजे अँटी ड्राय फायर, आहे का. पहिल्या दोनची उत्तरं 'नाही' आली तर तो क्रॉसबो दोरी झिजेपर्यंतच तुमचा. आणि 80 पौंडांचे प्लॅस्टिकचे पिस्तुली क्रॉसबो स्वस्त दिसतात म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नका. दस्ता खांद्याला टेकत नाही, नेम स्थिर राहत नाही, आणि बाण मात्र इजा करण्याइतका जोरात जातो.

उजवी_नजर

मनापासून आभार. दुकानात जाऊन आले. कापूस डाव्या पात्याच्या टोकाजवळ दोन ठिकाणी अडकला. दुकानदाराला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, असं होतंच, सँडपेपर मारून देतो. मी नको म्हटलं. पण त्याच्याकडे 95 पौंडांचा एक नवा रिकर्व्ह होता, तो चढवून बघू दिला. रोप कॉकरने लागोपाठ बऱ्याच वेळा चढवला, प्रत्येक वेळी त्याच्याच देखरेखीखाली बाण लावून फोमवर सोडला, दुसऱ्या दिवशीही खांदा शांत होता. दस्ता मला थोडा लांब पडतोय, दुर्बिणीतून बघायला मान पुढे काढावी लागते.

हाच घ्यावासा वाटतोय. बाण ऑनलाइन स्वस्त मिळतायत, 16 इंची आणि 20 इंची दोन्ही. कुठले घेऊ? आणि दोरी तिरकी ओढली जाण्याबद्दल तुम्ही लिहिणार होता.

जुनी_प्रत्यंचा

ताई, सँडपेपरला नको म्हणालात, अगदी योग्य केलंत. वरून घासून कपचा दिसेनासा होतो, आतला तंतू तुटलेला तो तुटलेलाच राहतो.

दस्ता लांब पडत असेल तर आधी दुर्बीण तिच्या पट्टीवर मागे सरकवून बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर दस्ता मागेपुढे होणारं मॉडेल शोधा. मान ताणून नेम धरायची सवय लागू देऊ नका, दुखरा खांदा त्याच बाजूचा आहे.

बाण स्वस्त आहेत म्हणून घेऊ नका. पुस्तिका उघडा, तिच्यात तीन गोष्टी असतात: लांबी, किमान वजन आणि नॉकचा, म्हणजे दोरीला टेकणाऱ्या मागच्या टोकाचा प्रकार. तिन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. नॉक सपाट असतो, अर्धचंद्र असतो किंवा दोरीला पकडणारा असतो. सपाट नॉक सांगितलेल्या क्रॉसबोला अर्धचंद्र लावायचा नाही आणि उलटही नाही. चुकीच्या नॉकवरून दोरी वर सटकू शकते. बाण जागच्या जागी राहतो आणि क्रॉसबो रिकामा सुटल्यासारखाच होतो. वजन किमानपेक्षा कमी असलं तरी पात्यांवर तोच मार बसतो. कार्बनचा बाण दर वेळी लावण्याआधी दोन्ही हातांनी हलका वाकवून गोल फिरवा, कान जवळ ठेवा. कुरकुर ऐकू आली तर तो मोडून फेकून द्या, पुन्हा चुकून कुणाच्या हाती लागायला नको. तीन पिसांपैकी एक वेगळ्या रंगाचं असतं, ते पुस्तिकेने वेगळं सांगितलं नसेल तर खाली रेलच्या खाचेत जातं.

आता तिरकी ओढ. दोरी सैल असताना, ती रेलच्या दोन्ही कडांना जिथे टेकते तिथे मार्करने दोन बारीक खुणा करा. दोरी चढवल्यावर वाकून बघा: दोन्ही खुणा कुलपाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. एक खूण दोन मिलीमीटर जरी आत-बाहेर असली तरी बाण डावी-उजवीकडे जातो, आणि माणूस दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसतो. तुमच्या बाबतीत उजवा हात कमी ओढेल, त्यामुळे हे दर वेळी बघाच. रोप कॉकरचे हुक रेलला अगदी चिकटवून लावा, पाय रिकिबीत पूर्ण आत घाला, आणि दोन्ही मुठी एकाच दमात वर घ्या.

डाव्या हाताची बोटं आणि अंगठा रेलच्या पातळीच्या खाली राहिले पाहिजेत, कायम. दोरी त्या पातळीवरून सुसाट जाते आणि या खेळातल्या सगळ्यात वाईट दुखापती तिथेच होतात. धनुष्यवाल्यांना पुढचा हात वर धरायची सवय असते, म्हणून तुम्हाला वेगळं सांगतोय. अंगठा अडवणारा पंखा पुढच्या मुठीला नसेल तर तसा असलेलाच क्रॉसबो घ्या.

चढवलेला क्रॉसबो ठेवून जायचं नाही, भिंतीला टेकवायचा नाही. मारायचं नसेल तर जुना बाण लावून फोममध्ये सोडून द्या. दोरीच्या उघड्या धाग्यांना मेण लावा, मधल्या सर्व्हिंगला नको. रेलला वंगण पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच, बोटाला जेमतेम जाणवेल इतकं.

दुर्बीण लावायला सुरुवात 10 मीटरवरून करा. तीन बाण मारा, मग ते सरासरी किती आणि कुठे सरकलेत ते बघून स्क्रू फिरवा. एकेका बाणामागे स्क्रू फिरवू नका. पण तिन्ही बाण लक्ष्यावरच्या एकाच ठिपक्यावर मारू नका, आधीच्या बाणाच्या नॉकवर पुढचा बसला की दोन्ही जातात. तीन वेगळे ठिपके काढा आणि प्रत्येक बाण आपल्या ठिपक्यापासून किती सरकलाय ते मोजा. पुस्तिकेतल्या बाणांच्या पानाचा फोटो इथे टाकलात तर ऑनलाइन दिसणाऱ्यांपैकी कुठले जुळतात ते बघून सांगतो.