"शनिवारी पोट्टे नुसते खेळून राहिले" म्हणणाऱ्यांना

कळमेश्वरची शिक्षिका

काल इथे एका पालकांनी लिहिलं होतं: "दप्तराविना शनिवार म्हणजे शाळेनं पैसे घेऊन पोट्टे सांभाळणं. आठवड्यातला एक दिवस कागद कापण्यात वाया जाऊन राहिला. त्यापेक्षा सहाही दिवस पाढे आणि शुद्धलेखन घ्या." खाली कितीतरी जणांनी 'अगदी बरोबर' लिहिलं. मी रात्री वाचलं आणि सकाळपर्यंत डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षांपासून आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, ४१ मुलं. राज्यानं २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार', म्हणजे दप्तराविना उपक्रमांचा दिवस, काढला. त्याच्या आधीपासून आमच्याकडे शनिवारी बाजार भरतो. पण तो शनिवारी आभाळातून पडत नाही. सोमवारी दशक-एकक, मंगळवारी तराजू (विटेचा तुकडा आणि गहू घेऊन), बुधवारी भाज्यांची नावं लिहून भावफलक, गुरुवारी त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची दुरुस्ती, शुक्रवारी कागदी नोटा कापणं. हा आठवडाभराचा अभ्यास शनिवारी वापरायला निघतो.

तिसरीतला एक मुलगा वहीत ५२ वजा ३७ चं उत्तर दर वेळी २५ लिहायचा. सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. वीस वेळा समजावलं. शनिवारी तो वांगे विकायला बसला होता. चौथीतल्या मुलीनं ३७ रुपयांची भाजी घेतली, पन्नासची नोट दिली आणि वर दोनचं नाणं ठेवलं. त्यानं बोटानं नाणं बाजूला सरकवलं, नोटेकडे पाहिलं आणि एक दहाची नोट, एक पाचचं नाणं परत केलं. त्याची आई खऱ्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते. सोमवारी मी फळ्यावर तीच वजाबाकी लिहिली तर म्हणाला, "मॅडम, हे तर वांग्याचंच आहे." तिथून मग दहाची नोट मोडून दहा सुटे करायला शिकवलं. वहीत बरोबर उतरायला आणखी तीन आठवडे लागले, पण उतरलं.

याला वेळ वाया जाणं म्हणत असाल तर मला तुमचं म्हणणं कळतच नाही.

त्रिमूर्तीनगरचा बाबा

कालची पोस्ट माझी. एक शब्द मागे घेत नाही.

तुमच्या शाळेत होत असेल मॅडम. माझा मुलगा खासगी शाळेत तिसरीत आहे. शुक्रवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर यादी येते: आइसक्रीमच्या काड्या, रंगीत टिकल्या, चमकी, थर्माकोल, दोन प्रकारचा गोंद. त्या वेळी दुकानं बंद व्हायला आलेली असतात. बायकोची ड्युटी रात्री आठला सुटते. मी गाडी काढून प्रतापनगरपर्यंत जातो, तिथं नाही मिळालं तर पुढे. मुलगा झोपतो आणि आम्ही दोघं साडेअकरापर्यंत घर चिकटवत बसतो. सकाळी तो ते घेऊन जातो, फोटो निघतो, संपलं. ते थर्माकोलचं घर आजही आमच्या अलमारीवर पडून आहे. पोरानं त्याला हात लावलेला नाही.

वरून अॅक्टिव्हिटीची फी वेगळी. आणि तुमच्या त्या मुलासारखाच माझाही मुलगा ५२ वजा ३७ पंचवीस लिहून राहिला. सप्टेंबर आला. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस. त्यातले तीसेक शनिवार असे गेल्यावर उरते काय?

निवृत्त गुरुजी, काटोल

बाबांशी अर्धा सहमत. आम्ही पावकी, निमकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, अडीचचे पाढे, म्हणून घ्यायचो. सकाळची शाळा, अंगणात उभे राहून साठ मुलं एका सुरात. आज माझ्या नातवाला "पाऊणपट किती" विचारलं तर मोबाइल उघडतो.

आणि त्यात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावन्नला 'पन्नास दोन' म्हणायला लावलं. जोडाक्षर जड जाते म्हणून भाषाच सोपी करायची! बावन्न हा शब्द पोराच्या आजीच्या तोंडी आहे, तो पुस्तकानं काहून घाबरावा?

कळमेश्वरची शिक्षिका

गुरुजी, नमस्कार. पाढे आम्हीही म्हणून घेतो, रोज, प्रार्थनेनंतर. माझ्या मुलांना २० पर्यंत येतात. 'पन्नास दोन'वर मी तुमच्याशी भांडणार नाही, पण माझ्या दुसरीतल्या मुलांना त्यानं ५२ आणि २५ मधला घोळ सोडवायला मदत झाली हे डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही म्हणून घ्यावं, एवढंच.

बाबा, तुमच्या यादीबद्दल माझा राग तुमच्याइतकाच आहे. पण तो राग तुम्ही शनिवारावर काढला.

महालची आई

यादीवरून आठवलं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या शाळेनं कळवलं, शनिवारी तान्हा पोळा (लहान मुलांचा, लाकडी बैलांचा पोळा) साजरा होणार, प्रत्येकानं लाकडी नंदी सजवून आणावा. माझी मुलगी दुसरीत. आमच्या घरी माझ्या सासऱ्यांच्या लहानपणचा नंदी आहे, टीचभर, एक कान तुटलेला, एक चाक थोडं वाकडं. तिनं त्याला हळद लावली, स्वतः झूल शिवली. म्हणजे मीच सुई धरली, पण टाके तिचे. शाळेत बक्षीस कुणाला? ज्याचा नंदी कमरेएवढा होता त्याला. तो उचलायला ड्रायव्हर आला होता. माझी पोरगी घरी आली आणि नंदी देव्हाऱ्याखाली लपवून ठेवला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीत बोजारा (नंदी घरोघरी नेल्यावर मिळणारा खाऊ-पैसे) मागायलाही गेली नाही. दर वर्षी जाते.

भोसल्यांच्या काळापासूनचा आपला सण, आणि शाळेनं त्याची पैशाची स्पर्धा करून टाकली. विकतचे मोठे नंदी म्हणजे निव्वळ दिखावा आहे. बंदच करायला पाहिजे शाळेत.

सुताराचा मुलगा, पारडी

ताई, जरा थांबा. "विकतचे नंदी म्हणजे दिखावा" हे वाचून लिहायला बसलो.

माझे वडील नंदी घडवतात. आखाडी झाली की घरात भुसा सुरू होतो. मी शाळेतून आलो की चाकं घासायचो. माझ्या शाळेची फी त्या नंदीवर गेली आहे, सगळी. तुम्ही म्हणता तो कमरेएवढा नंदी घडवायला किती दिवस जातात माहीत आहे? मान एका बाजूला गेली की आख्खं लाकूड वाया. घेणाऱ्यानं पैसे दिले ते दिखाव्यासाठी दिले असतील, आम्ही दिखावा केलेला नाही. तुमच्या सासऱ्यांचा टीचभर नंदी पण कुण्या सुतारानंच केला असेल ना?

महालची आई

मी कारागिरांबद्दल बोललेच नाही. शाळेबद्दल बोलले.

सुताराचा मुलगा, पारडी

"विकतचे नंदी बंद करायला पाहिजे" हे तुमचेच शब्द आहेत, वर जाऊन वाचा. आधीच प्लास्टिकचे नंदी आलेत. त्यात शाळांनी 'नंदी आणू नका' काढलं तर आमच्या गल्लीतली चार घरं बसतील. बोलताना थोडा विचार करत जा.

महालची आई

भाऊ, माझी मुलगी सात वर्षांची आहे. ती रडली. मी तेवढंच पाहिलं. तुमच्या घराचा विचार माझ्या मनात आला नाही, हे खरं आहे. 'शाळेत बंद करा' हे चुकीचं लिहिलं. 'आकारावर बक्षीस बंद करा' असं वाचा. त्यापुढे मी काही मागे घेणार नाही.

त्रिमूर्तीनगरचा बाबा

हेच तर मी म्हणून राहिलो. सण, स्पर्धा, फोटो. शिक्षण कुठं आहे यात?

महालची आई

शिक्षण आहे, शाळेला ते दिसत नाही. महालात राहतो आम्ही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. दर वर्षी माझी मुलगी बापाच्या खांद्यावर बसून बघते. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" तिला पाठ आहे. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुतळ्यांवर, त्या त्या वर्षीची महागाई, खड्डे, पुढारी सगळं लिहिलेलं असतं, ते ती अक्षर जुळवून वाचते. शाळा त्या दिवशी सुटी देते, पण आदल्या दिवशी की नंतर वर्गात एक वाक्य बोलत नाही. मुलीनं विचारलं, "मॅडम, मारबत कशाची बनवतात?" तर उत्तर मिळालं, "ते अभ्यासात नाही."

कळमेश्वरची शिक्षिका

ताई, हे वाचून मला फार वाईट वाटलं. "अभ्यासात नाही" हे शिक्षकानं कधी म्हणू नये.

आमच्या गावात लाकडी नंदी चार-पाच घरांतच आहेत, म्हणून मी मातीचे करायला लावले. वावरातली काळी माती आणली. शुक्रवारी केले, शनिवारी सकाळी पाहतो तर निम्म्या बैलांचे पाय तडकलेले. मुलं रडकुंडीला आली. मी विचारलं, "उन्हाळ्यात तुमच्या वावरात काय होते?" एक मुलगी म्हणाली, "भेगा पडते, पाय जाते आत." मग फळ्यावर आलं: काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. दुसरीतल्या मुलानं सांगितलं, आजी घर सारवायच्या मातीत कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, टाकते. मग कुटार बारीक करून मळलं, परत बैल केले. सावलीत वाळवले. दोनच तडकले. परिसर अभ्यासातला मातीचा भाग त्यानंतर मला शिकवावा लागला नाही, मुलांनीच मला सांगितला.

खर्च शून्य. कुणाच्या आईला रात्री साडेअकरापर्यंत जागावं लागलं नाही.

निवृत्त गुरुजी, काटोल

हे वाचून एक आठवलं. इथून ऐंशीएक किलोमीटरवर वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. हातानं काम करत शिकायचं. माझे वडील त्या पद्धतीनं शिकलेल्या गुरुजींच्या हाताखाली शिकले. टकळीवर सूत कातायचं, तार मोजायचे, त्याचंच गणित. मला लहानपणी त्याचा कंटाळा यायचा, कारण वडील सुटीतही कातायला बसवत. पण अपूर्णांक मला सुतावरूनच कळला हे आज कबूल करतो. अडीचकी त्यानंतर पाठ केली.

तरी पाठांतर सोडू नका. मॅडम सोडत नाहीत, म्हणून एवढं लिहिलं.

मनपा शाळेतला मास्तर

सगळे कळमेश्वरच्या मॅडमचं कौतुक करून राहिले. चांगलंच आहे. पण एक बाजू कुणी बोलत नाही. शनिवारी उपक्रम घेतला की फोटो काढा, माहिती भरा, लिंकवर चढवा. निवडणूक आली की बीएलओ, म्हणजे मतदार यादीची ड्युटी. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम देऊ नये लिहिलंय, आणि निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर मतदार याद्या. गेल्या वर्षी माझे लागोपाठ तीन शनिवार याद्यांमध्ये गेले. वर्गावर दुसऱ्या वर्गाच्या मॅडम, एकूण ७० मुलं. त्यांनी चित्र काढायला कागद दिले. दुसरं काय करणार? मग पालक म्हणतात कागद कापून राहिले.

त्रिमूर्तीनगरचा बाबा

सर, हे मला माहीत नव्हतं. पण तुमच्या अडचणीची किंमत माझ्या पोरानं काहून मोजावी? आणि खासगी शाळेला तर बीएलओ पण नाही, तरी कागदच.

मनपा शाळेतला मास्तर

तुमच्या पोरानं मोजू नये. माझ्या ७० पोरांनी पण मोजू नये. ती पण कुणाची तरी आहेत.

त्रिमूर्तीनगरचा बाबा

दोन दिवसांनी लिहितो आहे.

काल रात्री मुलाला जेवणाच्या टेबलावर बसवलं. खऱ्या नोटा घेतल्या. पन्नासची एक, दोनचं नाणं. म्हटलं, सदतीस रुपये मला दे. त्यानं नोट हातात धरली आणि म्हणाला, "बाबा, सुटे पाहिजे." मी पाच दहाच्या दिल्या. त्यातली एक त्यानं परत माझ्यासमोर ठेवली, "याचे पण सुटे." डबा उघडून एक-एकची नाणी काढली. त्यानं सदतीस मोजून माझ्याकडे सरकवले आणि त्याच्याजवळ पंधरा राहिले. मग मी वही पुढे केली, तर परत २५ लिहिलं. मी ओरडणार होतो, पण मॅडमनी 'आणखी तीन आठवडे लागले' लिहिलेलं आठवलं. गप्प बसलो.

मॅडमचं म्हणणं मान्य करतो, पण पूर्ण नाही. हे मी घरी केलं, शाळेनं नाही. माझ्या मुलाच्या शाळेतला शनिवार आजही वायाच जाऊन राहिला, आणि तसल्या शनिवारासाठी मी पैसे भरतो.

येत्या पालकसभेत तीन गोष्टी मांडणार आहे. यादी बुधवारपर्यंत यावी. घरात नसलेली वस्तू मागू नये. आणि अॅक्टिव्हिटीच्या फीचा हिशेब कागदावर द्यावा. कुणी त्याच शाळेतले असाल तर सोबत या, एकट्याचं कुणी ऐकत नाही.

सुताराचा मुलगा, पारडी

बाबा, मी त्या शाळेतला नाही. पण सभेत एक विचारा: वर्षातून एक शनिवार सुताराला बोलावतील का? माझे वडील येतील. रंधा आणतील, पोरांना हातात देतील. पैसे नकोत.

महालची आई

आमच्या शाळेत मी विचारते. आणि भाऊ, सासऱ्यांच्या नंदीचा कान बसवून मिळेल का?

सुताराचा मुलगा, पारडी

घेऊन या. मुलीला पण आणा, चाक ती घासेल.