'गुड फर्स्ट इश्यू'चं लेबल काढून टाकलं. चुकलं का?

निशाचर (धागाकर्ता)

सहा वर्षं गिटहबवर (जिथे लोक कोड ठेवतात आणि मिळून सुधारतात) एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळतोय, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा, सगळ्यांना खुला असलेला कोड. कुणी कशीही लिहिलेली तारीख वाचायची आणि ठरावीक साच्यात बसवून द्यायची, एवढंच तिचं काम. आम्ही दोघं मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणारे, पोटापाण्याची कामं वेगळी. मध्यंतरी एका एरर मेसेजमधला चुकीचा शब्द मुद्दाम तसाच ठेवला आणि त्याच्या नोंदीवर, म्हणजे इश्यूवर, 'गुड फर्स्ट इश्यू' (पहिल्या कामाला बरं) हे लेबल लावलं. म्हटलं, कुणा नवख्याची सुरुवात होईल.

वीस मिनिटांत चौघे हजर, चौघांचं एकच वाक्य: 'मला असाइन करा', म्हणजे काम माझ्या नावावर लावा. पहिल्याला दिलं, तो आजतागायत फिरकला नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्याला दिलं. बदलायचा होता एक शब्द. त्याच्या एडिटरने अख्खी फाइल आपल्या पद्धतीने लावून घेतली आणि माझ्यासमोर नऊशे ओळींचा फरक आला. तिसऱ्याच्या पुल रिक्वेस्टचं (माझा बदल प्रकल्पात घ्या, ही विनंती) वर्णन गुळगुळीत, यंत्राने लिहिल्याचं न सांगता कळत होतं, आणि बदल भलत्याच फाइलमध्ये. चौथ्याला विचारायचा धीर राहिला नाही. पाच मिनिटांत शब्द मीच बदलला आणि लेबल काढलं.

माझं मत असं: ज्याला खरंच यायचंय तो आधी वापरतो, मग अडतो, चिडतो आणि दुरुस्ती घेऊनच येतो. लेबल शोधत फिरणाऱ्याला प्रोफाइलवर काम केल्याचे हिरवे चौकोन हवे असतात. बोला.

टाचणी

शंभर टक्के सहमत. ऑक्टोबरभर ओपन सोर्सला हातभार लावायचा उपक्रम, 2020चं हॅक्टोबरफेस्ट, आठवतंय ना? चार पुल रिक्वेस्ट करा, टी-शर्ट घ्या. रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीपानात) कुठेतरी दोन कौतुकाचे शब्द घुसडायचे आणि पाठवून द्यायचं. पहिल्याच आठवड्यात एवढा कचरा साचला की आयोजकांना चालू महिन्यात नियम बदलावा लागला: जे प्रोजेक्ट स्वतःहून हो म्हणतील तिथलंच मोजायचं. 2023 मध्ये तर शर्टच बंद केले. नवख्यांना पायघड्या घातल्या की असंच होतं.

काजवा

शर्टाचं खापर लेबलवर कशाला? मी स्वतः त्याच लेबलवरून आले. आणि हो, मीही 'मला असाइन करा' असंच लिहिलं होतं, कारण बाकी सगळे तसंच लिहीत होते. तिथली रीत तीच आहे असं वाटलं.

'ज्याला यायचंय तो येतोच' हे ऐकायला छान आहे. पण 2006 मध्ये लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोमकडे, गूगलच्या समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांच्या उन्हाळी योजनेसाठी, 181 अर्ज आले आणि त्यांत बाईचा एकही नव्हता. मग त्यांनी त्याच उन्हाळ्यात स्त्रियांसाठी वेगळी योजना काढली. घेतल्या सहाजणी आणि अर्ज आले शंभरावर. या शंभरजणी काय आकाशातून पडल्या? तुम्हाला यायला हरकत नाही, एवढं कुणीतरी मोठ्याने म्हणायची खोटी होती. आजची आउटरीची ही योजना त्यातूनच उभी राहिली.

आपोआप येणारे कोण असतात ते बघा ना. ज्यांचा मित्र आधीच आत आहे, ज्यांना गिट (कोडमधले बदल नोंदवायचं साधन) येतं, ज्यांना मेंटेनरने 'नाही' म्हटलं तर रात्री झोप लागते. बाकीचे दारातून परत जातात आणि तुमच्यापर्यंत त्याची खबरही पोचत नाही.

टाचणी

ताई, भावना पोचल्या. पण परक्याला आत घेणं म्हणजे नुसती गोड गोष्ट नव्हे. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण मार्च 2024चं. दोनेक वर्षं नीट पॅच (कोडमधले बदल) पाठवून विश्वास कमावलेल्या 'नव्या' माणसाने 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका डेव्हलपरला एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खुपलं म्हणून निभावलं.

उंबरठा

टाचणी, तुम्ही उदाहरण बरोबर दिलंत आणि निष्कर्ष नेमका उलटा काढलात. तिथे जुना मेंटेनर बिनपगारी, एकटा आणि थकलेला होता. हा छंदाचा प्रकल्प आहे असं त्याने 2022 मध्येच उघड लिहिलं होतं. मदतीला जो पुढे आला तो नेमका चोर निघाला, कारण रांगेत दुसरं कुणी नव्हतंच. आणि चोर कधी 'गुड फर्स्ट इश्यू' शोधत येत नाही हो, तो चांगला तयारीने येतो.

निशाचर, तुमच्या वैतागाशी मी सहमत आहे, उपायाशी नाही. एका शब्दाची चूक हे नवख्याला द्यायचं काम नव्हेच. त्यात शिकण्यासारखं काही नाही, आणि ज्याला शिकायचं नाही तोच त्यावर तुटून पडतो. लिनक्स कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) 'स्टेजिंग' म्हणून डिरेक्टरी आहे. अर्धेकच्चे ड्रायव्हर तिथे ठेवतात, सोबत काय काय बाकी आहे त्याची यादी. साफसफाई करताना माणूस पॅच बनवणं, पाठवणं, टीका झाल्यावर पुन्हा पाठवणं, सगळं शिकतो. आणि स्पेस-टॅबची कटकट माणसं करत नाहीत, चेकपॅच नावाची स्क्रिप्ट करते. स्क्रिप्टवर कुणी रुसत नाही.

मी काय करतो सांगतो. असाइन कुणालाच करत नाही, चालणारा बदल जो आधी आणेल त्याचा. इश्यूत फाइलचं नाव आणि कोणती टेस्ट (कोड तपासणारा छोटा प्रोग्रॅम) बदलाआधी नापास व्हायला हवी ते लिहितो. हे लिहायला अर्धा तास जातो, कबूल. आणि नवीन माणसाला पहिलं काम हेच: सेटअपची पानं जशी लिहिलीत तशी करून बघ, जिथे अडशील ते लिही. आपल्याला ती पानं पाठ झालेली असतात, त्यातली भोकं दिसतच नाहीत.

अजून एक. पहिल्यांदा आलेल्याच्या पुल रिक्वेस्टवर गिटहब आपोआप तपासण्या चालवत नाही, मेंटेनरला परवानगीचं बटण दाबावं लागतं. 2021 मध्ये लोक गिटहबच्या फुकटच्या मशीनवर क्रिप्टो मायनिंग करायला लागले तेव्हापासून. तुम्ही ते बटण दाबलं होतंत का?

निशाचर

अर्धा तास इश्यू लिहायचा, मग बटणं दाबायची, मग समजावून सांगायचं. म्हणजे लेबल काढलं म्हणून मला आणखी काम मिळालं. वा!

बटणाचं बघून आलो. नाही दाबलेलं. नऊशे ओळीवाल्याची पुल रिक्वेस्ट नऊ दिवस तशीच पडून होती. आमच्याकडे फॉरमॅटची तपासणी आहे, तिने पहिल्या मिनिटात त्याला सांगितलं असतं. मी मात्र दहाव्या दिवशी 'हे काय आहे?' एवढंच लिहून बंद केली. हे माझ्या खात्यात लिहा.

लेबल तरी परत लावणार नाही. गायब झालेला आणि यंत्राकडून लिहून घेणारा, या दोघांवर बटणाने काय फरक पडला असता?

काजवा

काहीच नाही. चौघांत एक मिळाला असता. माझ्या वेळी माझी पहिली पुल रिक्वेस्ट दोन महिने उत्तराविना पडून राहिली, तिकडे मी परत गेले नाही. दुसरीकडे त्याच दिवशी उत्तर आलं: 'कल्पना बरी आहे, टेस्ट नाही, अमुक फाइल बघ.' त्यात कौतुक फारसं नव्हतंच. तिथे आज मी रिव्ह्यू करते.

टाचणी

चारात एक! मेंटेनरच्या तीन संध्याकाळी गेल्या त्या कुणाच्या हिशेबात धरायच्या?

काजवा

निशाचर, लायब्ररीचा दुवा द्या. रविवारी तुमची सेटअपची पानं बघून करते, अडलं की तिथेच लिहीन.

निशाचर

व्यनि केलाय. विंडोजवर असाल तर आत्ताच माफी मागून ठेवतो.